टॉवरची खुंटी ठोकण्याआधी गावाला नकाशा दाखवा

प्रति,
महाराष्ट्रात अतिउच्चदाब वाहिन्या उभारणाऱ्या सर्व पारेषण कंपन्यांचे मुख्य अभियंते व प्रकल्प अधिकारी,
तसेच या वाहिन्या ज्यांच्या जिल्ह्यांतून जातात ते सर्व जिल्हाधिकारी

विषय : जुन्या वाहिन्यांच्या क्षमतावाढीची आखणी गावकऱ्यांना बरोबर घेऊन करण्याबाबत

स. न. वि. वि.

हे पत्र वाहिन्यांना विरोध करण्यासाठी लिहिलेले नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. पारेषणाची, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याची, ताकद कमी पडली की काय होते, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. गावाकडे त्याची बातमी होत नाही, पण उपकेंद्रापर्यंत येणारी वाहिनीच अपुरी असली की शेवटच्या टोकाच्या विहिरीवर मोटर धड फिरत नाही. जुन्या १३२ आणि २२० केव्ही वाहिन्यांची क्षमता वाढवायलाच हवी.

आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आज गावाला वाहिनी कळते ती शेतात खुंट्या ठोकल्यावर. ती त्याआधी कळायला हवी. खुंटीआधी जो बदल पेन्सिलीच्या एका रेघेने होतो, त्याच बदलाला नंतर जादा पोलाद, कोर्टकचेरी आणि वर्षभराचा खोळंबा लागतो.

कायदा तुम्हाला गावात यायला भाग पाडत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पारेषण वाहिन्या नाहीत. त्यामुळे सिमेंट कारखान्याला किंवा खाणीला लागते तशी जनसुनावणी वाहिनीला लागत नाही. जमीन संपादित होत नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, म्हणून भूसंपादनातले सामाजिक परिणामांचे मूल्यांकनही नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला तार खात्याचे अधिकार मिळाले की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम १० नुसार मालकाच्या पूर्वसंमतीशिवाय टॉवर उभा करता येतो. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यावरही वाहिन्यांपुरता तो जुना भाग चालू ठेवला आहे. कोणी अडवले तर कलम १६ खाली जिल्हादंडाधिकारी परवानगी देतात, मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायालयात जायचे. म्हणजे शेतकऱ्याला बोलायला मिळते ते बहुधा उशिरा, आणि तेही मुख्यतः रकमेपुरते. वाहिनी कुठून जावी यावर त्याने गावात बसून बोलावे, अशी जागा ठेवलेली नाही.

पण त्याच कलम १० मध्ये काम करताना शक्य तितके कमी नुकसान करण्याचे बंधनही आहे. शेतात कमीत कमी नुकसान कुठे होईल, हे शेत कसणाऱ्याला न विचारता कसे कळणार?

पहिल्या भेटीत एक गोष्ट स्वच्छ सांगा : क्षमतावाढ म्हणजे नेमके काय करणार आहात. ‘अपग्रेडेशन’ या एका शब्दाखाली तीन फार वेगवेगळी कामे येतात आणि गावात अफवा पसरतात त्या याच शब्दामुळे.

सर्वांत सोपे काम म्हणजे टॉवर तेच ठेवून फक्त तार बदलणे. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारा वळलेला नेहमीचा कंडक्टर ७५ किंवा ८५ अंशांपर्यंतच तापू देतात. त्यापुढे तो इतका लांबतो की झोल वाढून तार जमिनीकडे येते. कार्बनचा गाभा असलेले नवे कंडक्टर १८० अंशांपर्यंत चालतात, तरी झोल फार वाढत नाही. त्यामुळे त्याच टॉवरवरून साधारण दुप्पट प्रवाह नेता येतो. इथे वाहिनीखालचा राखीव पट्टा रुंदावत नाही, नवा खड्डा होत नाही. मात्र तार ओढणारी माणसे आणि यंत्रे पुन्हा शेतात येतात, म्हणजे पिकाचे नुकसान होते आणि त्याचा पंचनामा झालाच पाहिजे. शिवाय तीस-चाळीस वर्षांत जुन्या तारेखाली गोठे, पत्र्याची शेड, कधी घराचा वरचा मजला झालेला असतो. नवी तार लावण्याआधी हे सगळे मोजून गावासमोर ठेवावे लागेल.

दुसरे काम व्होल्टेज वाढवण्याचे, म्हणजे १३२ ची वाहिनी काढून त्याच पट्ट्यात २२० ची बांधणे. यात टॉवर बदलतात आणि पट्टाही रुंदावतो. वर्षानुवर्षे वापरात असलेले आकडे धरले तर १३२ केव्हीला २७ मीटर, २२० ला ३५ आणि ४०० ला ४६ मीटर रुंदी लागते. २७ चे ३५ झाले म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार मीटर वाढले. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो, पण एका किलोमीटरला तो ०.८ हेक्टर, म्हणजे दोन एकर होतो. बांधावरची आंब्याची रांग, शेतातले घर, विहिरीचे शेड हे सगळे त्याच चार मीटरमध्ये असते. ‘जुनीच लाइन आहे, फक्त मोठी करतोय’ हे वाक्य म्हणूनच गावात बोलू नये. तुमच्या वाहिनीला नेमकी किती रुंदी लागू आहे, ते लेखी द्यावे.

तिसरे काम जुन्या वाहिनीशेजारी नवी वाहिनी टाकण्याचे. ते क्षमतावाढीच्या नावाखाली चालले, तरी शेतकऱ्यासाठी ती नवीच वाहिनी असते आणि तिची चर्चाही तशीच व्हायला हवी.

गावातल्या कुणालाही आपल्या शेतावरची वाहिनी कितीची आहे ते टॉवरखाली उभे राहून ओळखता येते. तार ज्या ताटल्यांच्या माळेला लटकते त्या ताटल्या मोजायच्या : साधारण नऊ असल्या तर १३२, चौदाच्या आसपास असल्या तर २२०, तेवीस असल्या तर ४०० केव्ही. अलीकडे ताटल्यांऐवजी एकसंध पॉलिमरची कांडी लावतात, तिथे ही खूण चालत नाही. पण जुन्या वाहिन्यांवर ती बहुतेक ठिकाणी चालते, आणि सभेत अधिकाऱ्याशी बोलताना शेतकऱ्याच्या हातात एक पक्की गोष्ट असते.

आता मूळ मुद्दा, टॉवरच्या जागेचा. इथे दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो. शेतकऱ्याला वाटते, टॉवर थोडा सरकवायला काय जाते? अभियंता म्हणतो, एकदा ठरलेला टॉवर हलत नाही. दोघांचेही अर्धेच खरे आहे.

२२० केव्हीची वाहिनी सरळ रेषेत चालली आहे आणि टॉवर ३५० मीटरवर आहेत असे धरा. मधला टॉवर एका शेतकऱ्याच्या विहिरीला खेटून येतो आणि तो ४० मीटर सरकवायला सांगतो. तारेच्याच दिशेने सरकवला तर एका बाजूचा स्पॅन, म्हणजे दोन टॉवरमधले अंतर, ३१० होतो, दुसऱ्या बाजूचा ३९०. झोल स्पॅनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३५० मीटरच्या स्पॅनला तापलेल्या ‘झेब्रा’ नावाच्या नेहमीच्या तारेचा झोल नऊ मीटरच्या आसपास असेल, तर ३९० ला तो अकराच्या आसपास जातो. म्हणजे विहीर वाचली, पण शेजाऱ्याच्या शेतात तार दोन मीटर खाली आली. यावर सोपा उपाय आहे. टॉवर तीन, सहा, नऊ मीटरने उंच करण्याचे जादा भाग ठरलेल्या आराखड्यातच असतात. तीन मीटरचा भाग घातला की काम भागते, खर्च वाढतो तो थोड्या पोलादाचा.

तोच टॉवर आडवा ४० मीटर सरकवला तर हिशेब पार बदलतो. त्या टॉवरवर तार सुमारे १३ अंशांनी वळते आणि मागच्या-पुढच्या दोन टॉवरवर साडेसहा-साडेसहा अंशांनी. सरळ रेषेतला ए प्रकारचा टॉवर दोन अंशांपर्यंतचेच वळण सोसतो. म्हणजे एक टॉवर हलवला आणि बदलावे लागले तीन. तिन्ही ठिकाणी बी प्रकारचा, तारेचा ताण घेणारा जड टॉवर आणि त्याला मोठा पाया. अभियंता नाही म्हणतो ते यासाठी. पण साधारण सहा मीटरपर्यंत आडवे सरकवले तर वळण दोन अंशांच्या आतच राहते आणि टॉवरचा प्रकार बदलावा लागत नाही. सहा मीटर म्हणजे शेताच्या मधून निघून बांधावर यायला पुष्कळ ठिकाणी पुरेसे अंतर. हे सहा मीटर शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

आणि हीच मागणी कोपऱ्याचे, म्हणजे वाहिनी जिथे वळते तिथले, टॉवर ठरण्याआधी आली असती तर? दोन किलोमीटरवरचा कोपरा ८० मीटर हलवला की मध्यावरची रेघ आपोआप ४० मीटर सरकते, एकही जादा टॉवर न लागता. आखणीतला मोठा वाव इथेच असतो आणि तो पहिल्या काही आठवड्यांत संपतो. ड्रोन, लायडार, डीजीपीएस अशी मोजणीची साधने घेऊन नकाशा पक्का केल्यावर भरवलेल्या सभेत ऐकण्यासारखे काही उरतच नाही.

जे वरून दिसत नाही ते गावाला माहीत असते. कोणती विहीर बुजवून वर शेत केले आहे, नदीवरून आलेली उपसा सिंचनाची पाइपलाइन कोणत्या बांधाखालून गेली आहे, ओढा पुरात कुठे पात्र सोडतो, गावठाणाचा विस्तार कोणत्या अंगाला चालला आहे, कोणत्या माळावर कोणत्या समाजाची दफनभूमी आहे, यात्रेची सासनकाठी कोणत्या रस्त्याने जाते. बुजवलेल्या विहिरीवर टॉवरचा एक पाय आला तर तो खचतो. पाइपलाइनवर आला तर दोनशे एकरांचे पाणी बंद होते. ही माहिती विचारण्यापलीकडे मिळवायचा दुसरा मार्ग नाही.

म्हणून पहिली फेरी पर्यायी मार्ग अजून खुले असताना करा. सहसा तीन मार्ग तपासतातच, तिन्ही दाखवा. गावनकाशावर गट नंबरांसह, पट्ट्याची रुंदी प्रमाणात काढून, मोठ्या कागदावर छापलेला नकाशा ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक वस्तीवर पंधरा दिवस लावून ठेवा. पोर्टलवरची फाइल म्हणजे नकाशा दाखवणे नव्हे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना विषय आधीच भरपूर असतात, तिथे हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. यासाठी विशेष ग्रामसभा मागा. तिच्या आधी महिलांची सभा होऊ द्या, कारण पाणी भरणे, खुरपणी, गोठा या कामांसाठी त्या पट्ट्याखालून रोज जाणाऱ्या त्याच आहेत. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत पाड्यापाड्याला बसावे लागेल.

सभेनंतर शिवारफेरी हवीच. तिच्यात सर्वेक्षक, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि आखणी करणारा असा एक अभियंता हवा, ज्याला जागेवर ‘हो, सहा मीटर सरकवता येईल’ म्हणण्याचा अधिकार आहे. ठेकेदाराचा माणूस एकटा पाठवून उपयोग नाही. त्याला टॉवर हलवता येत नाही, आश्वासन मात्र देता येते, आणि पुढची सगळी भांडणे त्या आश्वासनातून निघतात. प्रत्येक गटाची मागणी वहीत लिहा आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर मीटरमध्ये आणि रुपयांत कारण लिहा. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर धरू नये.

बोलवायचे कुणाला, हेही लिहून ठेवा. सातबाऱ्यावरच्या पहिल्या नावाला नोटीस देऊन काम संपत नाही. बहिणींची नावे लागलेली असतात, पोटहिस्से पडलेले असतात, कसणारा वाटेकरी वेगळाच असतो. जमिनीचा मोबदला खातेदारांचा, पण पिकाची भरपाई ज्याने पेरले त्याची. हे पंचनाम्यातच वेगळे लिहिले नाही तर वाटेकऱ्याच्या हाती काही लागत नाही. ई-पीक पाहणीत फळझाडांची नोंद राहून गेलेली असेल तर ती पंचनाम्याआधी करून घ्यायला शेतकऱ्याला वेळ द्या.

कामाचा हंगाम गावाबरोबर बसून ठरवा. ‘नोव्हेंबर ते मे’ असा मोघम कार्यक्रम सगळीकडे चालत नाही. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेत यंत्र घालणे म्हणजे वर्षाचे पीक घालवणे. माल निघाल्यावर एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत जी फट मिळते, तीच खरी कामाची वेळ. उसात तोडणी झाल्यावर आणि खोडव्याला पाणी देण्याआधी. कोकणात मोहोर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेत शिरू नये. एकाच वाहिनीवर तीन पिके असतील तर तीन वेळापत्रके होतील, आणि ती ठेकेदाराच्या करारातच घालावी लागतील. नंतर तोंडी सांगून तो थांबत नाही, कारण थांबला तर दंड त्यालाच.

आता पायाचा खड्डा. नुकसान सर्वांत जास्त दिवस टिकते ते इथे. एका टॉवरला चार खड्डे, खोली साधारण तीन मीटर. काळ्या जमिनीत वरची फूट-दीड फूट माती हीच काय ती शेती, तिच्याखाली पिवळा मुरूम. जेसीबी दोन्ही एकाच ढिगात टाकतो. पाया भरून झाला की तोच ढीग मागे लोटतो. मुरूम वर येतो, माती खाली जाते. त्या जागेवर नंतर कित्येक वर्षे काही उगवत नाही, लांबूनही पिवळा चौकोन दिसतो. पहिल्या पावसाने भराव बसतो आणि तिथे पाणी साचते. हे टाळायला काहीही विशेष लागत नाही. वरची माती वेगळ्या बाजूला काढायची, मुरूम आधी भरायचा, थर देऊन, पाणी मारून धुमसायचा, माती शेवटी टाकायची आणि बसेल तेवढा उंचवटा ठेवायचा. काँक्रीटला पाणी मारायचे दिवस पाळायचे, आणि ते पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचे असेल तर त्याचे पैसे द्यायचे. ठिबकच्या नळ्या आणि सबमेन खणण्याआधी काढून ठेवायच्या. तुटल्यावर जोडलेली सबमेन पुढच्या हंगामात त्याच जोडावर गळते. कठीण खडकात सुरुंग लावायचे असतील तर जवळच्या विहिरींच्या बांधकामाचे फोटो आधी काढायचे, नाहीतर तडा जुना की नवा यावर वाद होतो.

व्होल्टेज बदलाच्या कामात जुने टॉवर काढतात, पण पाय गॅसने कापून काँक्रीटचा खुंट जमिनीतच सोडतात. तो निदान एक मीटर खोल फोडून काढला पाहिजे. नाहीतर नांगराचा फाळ त्याच्यावर आपटतो आणि ‘लाइन काढली’ म्हटली तरी जमीन मोकळी झालेली नसते. हे काम निविदेत वेगळ्या बाबीने धरा. पाणंद रस्त्याचेही तसेच. काँक्रीटचे मिक्सर आणि पोलादाचे ट्रक ज्या पाणंदीने गेले, ती पावसाळ्याआधी मुरूम टाकून, दाबून परत करावी.

तार ओढण्याच्या दिवसांत गावाला सर्वांत जास्त त्रास होतो तो वीज बंदचा. वर नवी तार ओढताना खालची गावाची ११ केव्हीची लाइन बंद ठेवावीच लागते, नाहीतर खालच्या माणसांच्या जिवावर बेतते. पण ही बंदी रब्बीच्या पाण्याच्या पाळीत आली तर हरभरा-गहू जातो. कोणत्या दिवशी कोणता फीडर किती तास बंद, हे आठ दिवस आधी वितरण कंपनीकडून घेऊन फलकावर लिहा आणि बुडालेले तास रात्री किंवा दुसऱ्या दिवशी भरून द्या. तार जमिनीवरून फरफटत नेऊ नका. यंत्राने ताण ठेवून हवेतल्या हवेत ओढली तर पीकही वाचते आणि तारेवर ओरखडेही पडत नाहीत. ओरखडलेली तार पुढे दमट हवेत करकरत राहते.

मोबदल्याबद्दल एकच गोष्ट, पण नीट. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के धरले आहेत. पायाची जागा म्हणजे चार पायांमधली अधिक प्रत्येक बाजूने एक मीटर. शहरी भागांसाठी मार्च २०२५ ची वेगळी पुरवणी आहे. राज्यातल्या अंतर्गत वाहिन्यांना राज्याने स्वीकारलेला आदेश लागतो, म्हणून कोणत्या तारखेचा कोणता आदेश लागू आहे हे प्रत्येक नोटिशीवर छापा.

एकरी दहा लाख रुपये भाव असलेली जमीन धरा, म्हणजे गुंठ्याला २५,००० रुपये. टॉवरच्या पायांमधले अंतर आठ मीटर असले तर एक-एक मीटर धरून जागा १० बाय १० मीटर, जवळपास एक गुंठा. २०० टक्क्यांनी ५०,००० रुपये. त्याच शेतावरून तार १०० मीटर जात असेल तर ३५ मीटर रुंदीचा पट्टा ३,५०० चौरस मीटरचा, म्हणजे साडेचौतीस गुंठ्यांच्या वर. त्याची किंमत ८.६५ लाख, ३० टक्क्यांनी सुमारे २.६० लाख. गावात सगळे भांडण टॉवरच्या पन्नास हजारांवर चालते आणि पट्ट्याच्या अडीच लाखांबद्दल पुष्कळांना ठाऊकच नसते. ज्याच्या शेतात टॉवर नाही, फक्त वरून तार जाते, तो तर सभेलाही येत नाही. प्रत्येक गटाचा असा हिशेब छापून सभेआधी घरोघर द्या. २००७ साली केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जमीन कुठे आहे आणि तार तिच्या कोणत्या भागावरून जाते, हे पाहून भरपाई ठरवावी. कडेने गेलेली तार आणि बरोबर मधून गेलेली तार एकाच मापाने मोजू नका. पिकाची भरपाई यापेक्षा वेगळी, आणि ती तिन्ही वेळा : पाया, टॉवर उभारणी, तार ओढणे.

सुरक्षेचे आकडे गावाला पाठ व्हायला हवेत. तारेपासून जमिनीपर्यंतचे किमान अंतर १३२ केव्हीला ६.१ मीटर, २२० ला सुमारे ७ आणि ४०० ला ८.८ मीटरच्या आसपास. उसाच्या ट्रॉलीला हे पुरते, पण बोअरच्या गाडीचा उभा केलेला मास्ट, उचललेला डंपर आणि पोकलेनचा हात या उंचीत जातात. तारेला शिवायचीही गरज नसते, जवळ गेले तरी वीज झेप घेते. म्हणून बोअर आणि शेततळ्याच्या जागा शिवारफेरीतच विचारून घ्या. रेनगनची धार तारेपर्यंत जाता कामा नये. ऊस तुटल्यावर तारेखाली पाचट पेटवले की तापलेली हवा आणि काजळी यांमुळे तार ते जमीन अशी ठिणगी पडते आणि अख्खी वाहिनी ट्रिप होते. हे शेतकऱ्याला दंडाची धमकी देऊन नव्हे, कारण समजावून सांगा आणि पट्ट्यातले पाचट कुट्टी करायला यंत्र द्या. दंडापेक्षा ते स्वस्त पडेल.

द्राक्षबागेचा विचार वेगळा करावा लागतो. मंडपाच्या तारा वाहिनीला समांतर असतील तर त्यांच्यात वीज उतरते आणि हात लावला की झिणझिण्या येतात. लोखंडी अँगल जमिनीत गेलेले असतील तर बरीचशी निघून जाते, दगडी किंवा सिमेंटच्या खांबांवर मात्र ती तारेतच राहते. पट्ट्याखालच्या प्रत्येक ओळीला अर्थिंग आणि लांब ओळींत मध्ये इन्सुलेटरचा तुकडा, हे काम कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून द्यावे. प्लॅस्टिकच्या आच्छादनाची बाग असेल तर वादळात कागद उडून तारेवर जातो, त्याच्या बांधणीचाही आधीच विचार हवा. आरोग्याबद्दल प्रश्न येतील तेव्हा पत्रके वाटू नका. त्याच व्होल्टेजच्या चालू वाहिनीखाली मीटर घेऊन चला आणि लोकांसमोर मोजा. आयनीकरण न करणाऱ्या प्रारणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) २०१० मध्ये सर्वसामान्यांसाठी विद्युत क्षेत्राला ५ किलोव्होल्ट प्रति मीटर आणि चुंबकीय क्षेत्राला २०० मायक्रोटेस्ला अशी पातळी दिली आहे. मोजलेला आकडा आणि ही पातळी शेजारी-शेजारी लिहा, जिथे जास्त येईल तिथे तसे सांगा.

उशिरा ऐकले की काय होते, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात मोले अभयारण्यातून जाणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीवरून २०२० मध्ये मोठे आंदोलन झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेले. २०२१ मध्ये समितीने शिफारस केली ती नवे जंगल न तोडता आधीपासून असलेल्या वाहिनीच्या पट्ट्याचा उपयोग करण्याची. म्हणजे जुन्या पट्ट्यातच क्षमतावाढ करा, असेच ते म्हणणे होते. हा पर्याय पहिल्या नकाशावरही काढता आला असता.

वाहिनी चालू झाल्यावरही गावाशी नाते तुटू देऊ नका. टॉवरचे खालचे अँगल आणि अर्थिंगच्या पट्ट्या चोरीला जातात. चार-दोन अँगल गेले तरी वादळात टॉवर झोपू शकतो, आणि ते पहिल्यांदा दिसते ते त्या शेतात रोज जाणाऱ्याला. त्याने फोन कुणाला करायचा? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कायमचा फलक लावा : वाहिनीचे नाव, व्होल्टेज, पट्ट्याची रुंदी, तारेची किमान उंची, लागू असलेला मोबदल्याचा आदेश आणि चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक.

येत्या हंगामात ज्या वाहिन्यांचे सर्वेक्षण सुरू व्हायचे आहे, त्यांची पहिली शिवारफेरी दिवाळीच्या आठवड्यात ठेवा. खरीप बरेचसे निघालेले असते, बांध आणि पाइपलाइनी उघड्या दिसतात, उसाची तोडणी अजून जोरात नसते. आणि मुंबई-पुण्याला नोकरीला असलेले सहहिस्सेदार त्याच चार दिवसांत घरी असतात.

आपले,
वाहिन्यांच्या सर्वेक्षणात, उभारणीत आणि त्यांच्याखालच्या शेतीत काम करणारे